रेक्झिन घालायच्या आधी

चामडी पाठीचं जुनं पुस्तक हातात घेतलं आणि तळव्याला विटकरी भुकटी लागली, की बहुतेक लोक ते खाली ठेवून हात झटकतात. माझं बघणं तिथून सुरू होतं. भुकटी सगळ्या पाठीवर आहे की नुसती कोपऱ्यांवर? पाठ आणि पुठ्ठा यांच्यामधला सांधा धरून आहे की फाटलाय? पुस्तक अर्धं उघडलं तर फर्मे, म्हणजे घडी घालून शिवलेले पानांचे जुडगे, जागेवर राहतात की एखादा बाहेर डोकावतो? एवढं कळलं की मग लेखक कोण, साल कुठलं, खंड कितवा ते बघते.

व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इंग्रजी कादंबऱ्यांचे, चामड्यात बांधलेले संच मी गोळा करते. आपल्या भागात, बेळगाव कॅम्पापासून निपाणी-संकेश्वरच्या जुन्या वाड्यांपर्यंत, असे संच अजून निघतात. निघाले की एक तर ते रद्दीत जातात, नाहीतर कुणीतरी मायेनं त्यांना रेक्झिन घालून आणतं. या दुसऱ्या गोष्टीचं मला जास्त वाईट वाटतं, कारण ती करणाऱ्याला पुस्तक जगवायचं असतं. त्याच्यासाठी हे लिहिते आहे.

माझं माहेर निपाणीचं. आप्पा वह्या बांधायचे. तंबाखूच्या वखारवाल्यांचे रोजमेळ, खतावण्या, लाल कापडाच्या लांबट वह्या. दसरा झाला की पाडव्यापर्यंत आमच्या सोप्यात पाय ठेवायला जागा नसायची. खळ शिजवताना आप्पा त्यात चिमूटभर मोरचूद टाकायचे, कसर लागू नये म्हणून, आणि ती पातेली स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत यायची नाही. दोऱ्याला मेण ओढायचं काम माझ्याकडं असायचं. वही तयार झाली की आप्पा ती मधोमध उघडून जमिनीवर आडवी ठेवायचे आणि बाजूला सरायचे. पानं आपोआप मिटली नाहीत तरच ती गिऱ्हाइकाकडं जायची. पुढं मी बी.ए.ला इंग्रजी घेतलं, लग्न होऊन बेळगावच्या शहापुरात आले, मराठी शाळेत इंग्रजी शिकवलं. पण पुस्तक बघायची माझी रीत आप्पांचीच राहिली. मजकूर वाचायच्या आधी मी शिवण बघते.

डिकन्सच्या कादंबऱ्या मला पहिल्यांदा नीट कळल्या त्या शिवणीमुळं. त्याची पहिली कादंबरी, ‘पिकविक पेपर्स’, एप्रिल १८३६ पासून नोव्हेंबर १८३७ पर्यंत महिन्याला एक अंक अशी निघाली. एका अंकाला एक शिलिंग. वीस भाग, पण शेवटचे दोन एकत्र, म्हणून हातात येणारे अंक १९. हा बेत इतका चालला की त्यानं पुढच्या बऱ्याच मोठ्या कादंबऱ्या अशाच काढल्या, आणि थॅकरेसारख्यांनीही तोच रस्ता धरला. डिकन्सच्या अंकांचं मुखपृष्ठ हिरवट असायचं, थॅकरेचं पिवळं. आत पहिल्यांदा चित्रं, मग मजकूर, मागंपुढं जाहिराती. पूर्ण झाल्यावर वाचक सगळे अंक घेऊन बांधणाऱ्याकडं जायचा आणि आपल्या ऐपतीप्रमाणं बांधून घ्यायचा. कुणी साध्या कापडात, कुणी पाठ आणि कोपरे वासराच्या चामड्याचे व बाकी पुठ्ठ्यावर रंगांच्या लाटांचा अबरी कागद, ज्याला बांधणारे हाफ लेदर म्हणतात, तर कुणी सबंध चामड्यात. त्यामुळं एकाच कादंबरीच्या, एकाच वर्षी छापलेल्या दोन प्रती बाहेरून बहुधा सारख्या नसतात. छापखाना एक, पण अंगरखा ज्याचा त्याचा.

आता शिवणीकडं येते. हे मासिक अंक घडीतून शिवलेले नसायचे, बाजूनं टोचून दोरा ओढलेला असायचा. नंतर बांधणाऱ्यानं तो दोरा काढून घडीतून नव्यानं शिवलं, तरी बाजूची भोकं कागदात राहायचीच. माझ्याकडं ‘लिटल डॉरिट’ आहे, १८५७ ची, हाफ लेदरमधली. पान पूर्ण उघडून घडीजवळ बोट फिरवलं की ओळीनं बारीक छिद्रं लागतात. म्हणजे ही प्रत अंकांमधून बांधली गेली आहे. डिसेंबर १८५५ पासून जून १८५७ पर्यंत कुणीतरी दर महिन्याला शिलिंग मोजून हे अंक जमवले, पुढच्या भागाची वाट बघितली, आणि मग ते बांधायला दिले. दुकानात एकगठ्ठा मिळालेल्या प्रतीला ही छिद्रं सहसा नसतात. जुन्या पुस्तकांचे पारखी हीच खूण बघतात, आणि निपाणीतल्या वहीवाल्याच्या मुलीला ती कुणी शिकवावी लागली नाही.

रेक्झिन घालणारा सगळ्यात आधी काय करतो? पाठ फाडतो, शिवण काढतो, फर्म्यांच्या कडा सपाट कापतो आणि यंत्रावर किंवा बाजूनं जाड टोचून नवी शिवण घालतो. छिद्रं गेली, समास गेला, कडांवरची सोनेरी झिलई गेली. वाचकाच्या दोन वर्षांचा पुरावा कापणीच्या चिंध्यांत पडला.

संच ही कल्पना मात्र अंकांमधून आली नाही. ती रुजवली डिकन्सच्या आधीचा कादंबरीकार वॉल्टर स्कॉट यानं. १८२९ ते १८३३ या काळात त्याच्या कादंबऱ्यांची ४८ खंडांची सुबक आवृत्ती निघाली, महिन्याला एक खंड, पाच शिलिंगला. तेव्हा नवी कादंबरी साधारण तीन खंडांत यायची आणि तिची किंमत साडेएकतीस शिलिंग असायची. सामान्य घराला ती परवडणारी नव्हती. लोक ती मडीसारख्या वर्गणीच्या वाचनालयातून आणून वाचायचे, वर्षाला एक गिनी, म्हणजे एकवीस शिलिंग, भरून. तीन खंडांची ही पद्धत १८९४ च्या सुमारास मोडली. म्हणजे नवी कादंबरी भाड्यानं वाचायची, आवडलेला लेखक मात्र पुढं एकसारख्या खंडांत विकत घेऊन घरात ठेवायचा, अशी रीत पडली. प्रकाशकांनी ती ओळखली. जॉर्ज इलियटच्या कादंबऱ्यांची छोटेखानी आवृत्ती ब्लॅकवुडनं काढली, ट्रॉलोपच्या बारसेटशायरच्या सहा कादंबऱ्या १८७८-७९ मध्ये आठ खंडांत आल्या, ब्राँटे बहिणींची हॉवर्थ आवृत्ती १८९९-१९०० मध्ये सात खंडांत. यातला प्रत्येक संच कापडात मिळायचा आणि पैसेवाला तो घेऊन लंडनमध्ये रिव्हिएर किंवा झेन्सडॉर्फकडून चामड्यात बांधून घ्यायचा. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला, चामडं दुमडून येतं त्या खालच्या कडेला, या बांधणाऱ्यांचं नाव अगदी बारीक सोनेरी अक्षरांत छापलेलं असतं. संच हातात आला की ती कडा नक्की बघा. नाव सापडलं तर ते पुस्तक कुठल्याही परिस्थितीत कुणाला फाडू देऊ नका.

नन्सच प्रेसचा १९३७-३८ चा डिकन्स मी फक्त चित्रात बघितलाय. त्याचे संच बरोबर ८७७ निघाले, कारण मूळ चित्रांचे ठसे आणि पत्रे तेवढेच होते आणि प्रत्येक संचाबरोबर त्यातला एक दिला होता. ती माझ्या आवाक्यातली गोष्ट नाही. आमच्याकडं येतं ते वेगळं.

आमच्याकडं म्हणजे बेळगावात इंग्रजी पुस्तकं आली ती छावणीबरोबर आणि शाळांबरोबर. सेंट पॉल्स हायस्कूल १८५६ चं, कॅम्पातलं सेंट मेरीज चर्च १८६९ चं. शहरात सार्वजनिक वाचनालय तर १८४८ पासून आहे. कॅम्पातल्या ज्या रद्दीवाल्याकडून मी पहिली चामडी पुस्तकं घेतली तो सांगायचा, त्याच्या आजोबांनी साहेबांच्या बंगल्यांमधल्या सामानाचे लिलाव बघितले होते. कपाटाला बोली लागायची, आतली पुस्तकं कपाटाबरोबर फुकट. ती मग इथल्या वकिलांच्या, डॉक्टरांच्या, इनामदारांच्या घरी गेली. काही ठिकाणी वाचली गेली, समासात शिसपेन्सिलीनं मराठी अर्थ लिहिलेले मी बघितलेत. ‘व्हॅनिटी फेअर’च्या एका प्रतीत एका जागी मोडीत चार ओळी आहेत, कादंबरीशी संबंध नसलेल्या, कुठल्याशा जमिनीच्या देण्याघेण्याच्या. त्या खोडायचा विचारही माझ्या मनात आला नाही.

आणि हा सगळा मामला आपल्यापासून दूरचा आहे असं वाटत असेल तर थोडं थांबा. मराठीतली पहिली कादंबरी मानली जाते ती ‘यमुनापर्यटन’ १८५७ ची, आणि तिचे लेखक बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ मध्ये बेळगावातलाच. ‘लिटल डॉरिट’चा शेवटचा अंक लंडनमध्ये निघाला ते हेच वर्ष. थॅकरेचा जन्म १८११ मध्ये कलकत्त्यातला. आणि इंग्रज कादंबरीकार मेडोज टेलरला तर मी आपल्याच मुलखातला धरते. कित्येक वर्षं तो सुरपूरच्या संस्थानाचा कारभार बघत होता, नळदुर्गाकडं होता, इथल्या भाषा बोलायचा. १८३९ मधली त्याची ठगाची कबुलीजबाबाची कादंबरी पुष्कळांना माहीत असते. मला मात्र प्रिय आहे ती ‘तारा’. १८६३ मध्ये ब्लॅकवुडनं ती तीन खंडांत काढली. तुळजापूरचं देऊळ, विजापूरचा दरबार, अफझलखान, शिवाजी महाराज, साल १६५७. पुढं त्यानं १७५७ वर ‘राल्फ डार्नेल’ आणि १८५७ वर ‘सीता’ लिहिली, शंभर-शंभर वर्षांच्या अंतरानं तीन कादंबऱ्या. इंग्लंडमधल्या दुकानांत व्हिक्टोरियन संच म्हटलं की डिकन्स, थॅकरे, इलियट, हार्डी. बेळगावात बसून जमवणाऱ्यानं त्या रांगेत टेलरला ठेवलंच पाहिजे, हे माझं ठाम मत आहे. माझ्याकडची ‘तारा’ नंतरची, एका खंडातली आहे, मागं हाफ लेदर, पाठीवर सोनेरी नाव अजून लखलखीत. खऱ्या सोन्याचा वर्ख काळा पडत नाही. स्वस्तातली पितळी भुकटी वापरलेली असली की अक्षरं तपकिरी-काळी होतात. यावरूनही बांधणाऱ्यानं किती जीव लावला ते कळतं.

आता त्या विटकरी भुकटीबद्दल. तिला इंग्रजीत रेड रॉट म्हणतात आणि हा माझ्या आवडीचा, आणि खरं तर काळजीचा, भाग आहे.

वनस्पतींच्या सालीनं कमावलेलं चामडं हवेतला गंधकाचा धूर शोषून घेतं. त्याचं आत आम्ल होतं, चामड्याचे तंतू तुटत जातात, आधी वरचा थर खरखरीत होतो, मग बोट लावलं तरी भुगा येतो. नवल असं की जुन्या शतकांमधली चामडी पाठ कित्येकदा चांगली असते आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली कुजलेली. याचा छडा लावायला लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सनं १९०० मध्ये एक समिती नेमली. समितीनं दोष दोघांवर ठेवला. एक, वाचनालयांमधले गॅसचे दिवे. दोन, कमावण्याची घाईची पद्धत: रंग उजळ यावा म्हणून वापरलेलं गंधकाचं आम्ल, आणि चुकीच्या झाडाची साल. सुमाक नावाच्या झुडपाच्या पानांनी कमावलेलं चामडं टिकतं, असा त्यांचा निष्कर्ष. आणि सगळ्यात वाईट कुठलं ठरवलं? हिंदुस्थानातून जाणारी, ‘पर्शियन’ या नावानं विकली जाणारी मेंढीची आणि बकऱ्याची कातडी. त्यांत बांधलेली पुस्तकं वर्षाच्या आत खराब व्हायला लागलेली त्यांना दिसली.

ही कातडी मद्रासकडून जायची आणि ती कमावलेली असायची तरवडाच्या सालीनं. तरवड म्हणजे तोच, पिवळ्या फुलांचा, अथणीकडं जाताना कोरड्या माळावर जागोजाग दिसतो तो. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ तशीच बसले. लंडनमध्ये बांधलेल्या एखाद्या स्वस्त डिकन्सची पाठ आपल्या दख्खनच्या माळावरच्या झुडपानं कमावलेली असू शकते, आणि ती पाठ समुद्र ओलांडून बेळगाव कॅम्पात परत येऊन आता माझ्या हातात भुगा होऊन पडते आहे!

मग मी अथणीला गेले. अथणी म्हणजे चपलांचं गाव. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांना मिळून, आणि त्यात बेळगाव आहे, हे आपल्याकडंही सगळ्यांना ठाऊक नसतं. तिथं कातडं कमावणाऱ्या एका म्हाताऱ्या काकांकडं ओळखीनं गेले. चुन्याच्या हौदातून काढलेलं कातडं स्वच्छ करून, पिशवीसारखं शिवून, आत बाभळीच्या सालीचा आणि हिरड्याचा काढा भरून टांगून ठेवलेलं होतं. काढा चामड्यातून झिरपत खाली घंगाळात पडत होता आणि तो पुन्हा वरून ओतला जात होता. वास उग्र असतो, पण दोन मिनिटांत नाकाला सवय होते. मी पिशवीतून ‘तारा’ काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी मजकुराकडं ढुंकून बघितलं नाही. पाठीवर अंगठा फिरवला, कोपरा किंचित वाकवला, वास घेतला.

“बकऱ्याचं हाय बाई,” म्हणाले. “वासराचं असतं तर एव्हाना गेलं असतं. कमावलंय बरं, पण सावकाश वाळवलं नाही.”

“काका, मला बकऱ्याचं कातडं पाहिजे. पातळ, पुस्तकाच्या पाठीला लावायला. पण बाभूळ नको. फक्त हिरडा.”

“नुसत्या हिरड्यात मऊ पडतंय की ओ ते. पिवळट येतंय. चपलेला काय उपयोग नाही.”

“चपल नाही करायची.”

त्यांनी आत बसलेल्या सुनेला कन्नडमध्ये काहीतरी सांगितलं, ती हसली, आणि मला चहा आला. काकांनी ते कातडं करून दिलं. हिरड्याचा गुण सुमाकच्या कुळातला आहे. तरवडाचा आणि बाभळीच्या सालीतला मोठा हिस्सा दुसऱ्या कुळातला, हवेतल्या आम्लाला लवकर बळी पडणारा. हे शास्त्र मी पुस्तकांतून वाचलेलं. पण हिरड्यात किती दिवस ठेवायचं, पाणी कधी बदलायचं, कातडं कुठल्या बाजूनं ताणून वाळवायचं, हे काकांच्या हातात होतं. बांधणीसाठी ते अजून पातळ करावं लागतं, कडा तासून कागदासारख्या कराव्या लागतात, नाहीतर सांध्यावर उंचवटा येतो आणि पुस्तक उघडताना तिथंच ताण पडतो. तासण्याची सुरी मी आप्पांचीच वापरते.

दुरुस्तीचं थोडक्यात सांगते, कारण मला याबद्दल बरीच पत्रं येतात.

सांधा नुसता चिरला असेल तर चामडं अजिबात नको. पातळ जपानी कागद, तुतीच्या सालीचा, पाठीच्या रंगात रंगवून, गव्हाच्या खळीनं चिकटवा. फेव्हिकॉल नको, तो परत सुटत नाही. भुकटी पडत असेल तर तेल लावू नका. पूर्वी मोठमोठ्या संग्रहालयांतही लॅनोलिन आणि तेलाचं मिश्रण चोळत असत. आता ते बंद झालंय, कारण तेलानं रोग थांबत नाही, चामडं काळं पडतं आणि चिकट होऊन धूळ धरतं. हायड्रॉक्सीप्रोपिल सेल्युलोज नावाची पांढरी पूड अल्कोहोलमध्ये विरघळवून मऊ कुंचल्यानं हलकी लावतात. त्यानं भुगा जागेवर बसतो. कुजणं परत फिरत नाही, पण हात लावता येतो. पाठ पूर्ण सुटली असेल तरच नवं चामडं घालायचं. ते खाली आणि त्याच्यावर मूळ पाठ, तिच्या सोनेरी अक्षरांसकट, परत चिकटवायची. जुन्या पाठीचा एक चौरस इंच सुद्धा टाकायचा नाही.

आतलं अस्तरही तसंच. लाल-निळ्या लाटांचा अबरी कागद फाटला म्हणून लोक पांढरा कार्ट्रिज कागद लावून टाकतात. सतराव्या शतकात विजापूरच्या चित्रकारांनी अशाच अबरी कागदातून चित्रं काढली होती, आणि विजापूर आपल्यापासून किती लांब आहे? तो कागद बघायचं सुख आपण स्वतःहून का घालवावं?

पावसाळा हा आमच्याकडचा खरा शत्रू. जूनपासून सप्टेंबरपर्यंत बेळगावची हवा ओलीच. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, म्हणून मी कपाटात छोटा मीटर ठेवलाय आणि भिंत व कपाट यांच्यामध्ये हात जाईल एवढी जागा सोडलीय. काचेची दारं ऊन पडलं की उघडायची. पुस्तकं गच्च कोंबायची नाहीत, आणि काढताना पाठीच्या वरच्या टोकात बोट घालून ओढायची नाहीत. दोन्ही बाजूंची पुस्तकं आत ढकलून मधलं मुठीत धरायचं. बहुतेक संचांची वरची टोकं या एकाच सवयीनं गेलेली असतात. कसर आणि झुरळांसाठी वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवते, जुन्या पोथ्यांच्या बासनात असायच्या तशा. निपाणीकडं पुस्तकात तंबाखूचं पान ठेवायची पद्धत आहे. कीड जाते हे खरं, पण पानाचा डाग कागदात उतरतो आणि तो पुढच्या दहा पानांत दिसतो. तेव्हा पान कपाटाच्या तळाशी ठेवा, पुस्तकात नको. आणखी एक. १८४०-६० च्या सुमाराचं पोपटी-हिरव्या कापडाचं पुस्तक मिळालं तर जपून. त्या काळच्या काही हिरव्या रंगांत सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष, असायचा. ते वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, हात धुवा, पोरांच्या हातात देऊ नका.

फुटक्या संचांबद्दल मला मनापासून काही म्हणायचंय. व्यापारी फुटक्या संचाला किंमत देत नाही. तेरापैकी बारा असले की तो ओझं समजतो. मी मात्र फुटके संच मुद्दाम घेते. खंड हरवतो त्यामागं काहीतरी कारण असतं. वाचायला नेलेलं परत आलेलं नसतं, आजारपणात उशाशी राहिलेलं असतं, वाटणीत दुसऱ्या भावाकडं गेलेलं असतं. आमच्या सीमाभागात तर वाटणीनं कपाटं निपाणीला आणि पुस्तकं कागलला गेल्याची उदाहरणं आहेत. हरवलेला खंड बहुतेक वेळा नष्ट झालेला नसतो, पन्नास मैलांच्या आत कुठंतरी असतो. संकेश्वरच्या एका घरात मला जॉर्ज इलियटचा एक सुटा खंड मिळाला. त्याचा जोडीदार नंतर चिकोडीत त्याच आडनावाच्या दुसऱ्या घरी निघाला. दोन्ही घरांनी आपापला खंड मला दिला, आणि मी दोन्ही घरांना लिहून दिलंय की हे संच माझ्यानंतर एकत्रच एखाद्या वाचनालयाला जातील.

माझ्याकडचा थॅकरे असाच फुटका आहे. स्मिथ, एल्डरनं १८९८-९९ मध्ये काढलेली तेरा खंडांची आवृत्ती, प्रत्येक खंडाला त्याची लेक ॲन रिची हिची प्रस्तावना. त्याच्या लिखाणाच्या मागच्या घरच्या गोष्टी ती सांगते, वडलांच्या टेबलाजवळ वाढलेल्या मुलीच्या नजरेनं. मला या प्रस्तावना कादंबऱ्यांइतक्याच आवडतात. कुणीतरी हा संच गर्द तांबड्या बकऱ्याच्या चामड्यात बांधून घेतलाय. पाठीवर पाच आडव्या पट्ट्या, दुसऱ्या घरात नाव, तिसऱ्यात खंडाचं नाव, बाकीच्या घरांत बारीक सोनेरी फूल. वरची कड सोनेरी, बाकीच्या दोन्ही खडबडीत, न कापलेल्या. बारा खंड आहेत. नाही तो ‘द न्यूकम्स’चा, म्हणजे हिंदुस्थानच्या फौजेतून इंग्लंडला परतलेल्या कर्नलची गोष्ट. बेळगावसारख्या छावणीच्या गावात नेमका तोच खंड कुणीतरी वाचायला नेला असेल तर मला त्या वाचकाचा राग येत नाही.

हा संच मला कॅम्पातून मिळाला, तेव्हा तेरावा पुस्तक-भाऊ इथंच कुठंतरी असणार. खानापूर, हुक्केरी, चिकोडी, गडहिंग्लज, चंदगड, कुठंही माळ्यावर किंवा जुन्या पेटीत तांबड्या पाठीचं जाडजूड इंग्रजी पुस्तक असेल, पाच पट्ट्या आणि बारीक सोनेरी फुलं असतील, तर पाठ कितीही झडलेली असली तरी चालेल. पुठ्ठा सुटला असेल तर तोही जपून ठेवा. भुकटी पडत असेल तर पुस्तक जुन्या धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा, दोरी आवळू नका, आणि ऊन-ओल लागणार नाही अशा जागी आडवं ठेवा. विकत देणार असाल तर मी घेईन. द्यायचं नसेल तर निदान दुरुस्तीला आणा, अथणीचं हिरड्याचं कातडं माझ्याकडं अजून शिल्लक आहे, आणि त्याचे पैसे मी घेत नाही.